चार परसांचं एक वर्ष

जालना जिल्ह्यात विहिरीची खोली अजूनही परसात सांगतात. फूट-मीटर कुणाला कळत नाहीत असं नाही. पंचायत समितीतलं अंदाजपत्रक मीटरमध्ये असतं, खोदणारा गुत्तेदार फुटावर भाव ठरवतो. पण बांधावर उभं राहून ‘किती खोल गेली?’ असं विचारलं, की जुनी माणसं ‘सात परस’ म्हणतात. परस म्हणजे पुरुषभर उंची. ढोबळमानाने सहा फूट धरायला हरकत नाही.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी ज्या लाव्हाने हा सगळा मुलूख बांधला, त्याच्या वाढीचा वेग याच मापाने काढता येतो. प्रयोगशाळा लागत नाही, किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचं वजन करावं लागत नाही. लागते ती एक टेप आणि आत उतरण्याजोगी विहीर, तीही अजून बांधकाम न झालेली. ही शेवटची अट सोपी वाटते, पण दिवसेंदिवस तीच अवघड होत चालली आहे.

बदनापूर तालुक्यातल्या एका नव्या विहिरीवर मी ही भिंत निवांत पाहिली. वर हात-दीड हात काळी माती, तिच्याखाली कमरेइतका मुरूम. मुरमाखाली ज्याला आपल्याकडे सगळेच मांजऱ्या म्हणतात तो दगड लागला: करड्या-तांबूस रंगाचा, अंगभर भोकंच भोकं असलेला. वरच्या बाजूला भोकं ज्वारीच्या दाण्याएवढी, पण दाटीवाटीने. जसजसं खाली पाहावं तसतशी ती मोठी आणि विरळ होत जातात, खालच्या अंगाला तर अंगठा सहज शिरावा एवढी. काहींच्या आत हिरवट अस्तर, काहींत पांढरे चकाकणारे स्फटिक. मधूनच हातभर अंतरावर भोकांचे आडवे पट्टे, पाणसळीने आखल्यासारखे. मग एका रेषेवर भोकं संपतात आणि काळा पाषाण सुरू होतो. घट्ट, गुळगुळीत, उभ्या चिरा पडलेला. सुरुंगाच्या दारूचा खर्च जातो तो इथे. पाषाणाच्या तळाशी पुन्हा वीतभर भोकांचा थर, त्यात काही भोकं नळीसारखी उभी. आणि त्याच्याखाली विटेच्या रंगाची भुसभुशीत माती. तिला कुणी गेरू म्हणतं, कुणी लाल बोळ.

विहिरीच्या मालकांना अर्थातच या कशाशी कर्तव्य नव्हतं. “गेरू लागला म्हंजी पाणी गेलं का आलं, तेवढं सांगा,” ते म्हणाले. प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर लाव्हाच्या वाढीतच आहे. पण तिथवर जायला थोडा वळसा घ्यावा लागतो. पहिला वळसा थेट जपानचा.

होक्काइदो बेटावर सोबेत्सु नावाचं गाव आहे. तिथल्या टपाल कचेरीचे प्रमुख मासाओ मिमात्सु. १९४३च्या डिसेंबरअखेर गावाला भूकंपाचे धक्के बसू लागले. उसु हा जुना ज्वालामुखी शेजारीच होता. धक्के थांबेनात, आणि काही आठवड्यांत गव्हाच्या शेतांची जमीन वर उचलली जाऊ लागली. १९४४च्या जूनमध्ये शेतातूनच स्फोट झाले, ते ऑक्टोबरपर्यंत चालले. मग फुगलेल्या जमिनीतून घट्ट लाव्हाचा एक सुळका हळूहळू वर सरकू लागला. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. सरकारला ही बातमी बाहेर जाऊ द्यायची नव्हती, आणि शास्त्रज्ञांकडे ना माणसं होती ना साधनं.

मिमात्सुंनी कचेरीच्या मागे आडव्या दोऱ्या ताणल्या. हनुवटी दरवेळी एकाच जागी टेकेल अशी सोय केली. त्या दोऱ्यांच्या आडून समोरच्या डोंगराची कड पाहायची आणि कागदावर उतरवायची. पुन्हा काही दिवसांनी तेच, त्याच कागदावर, आधीच्या रेषेच्या वर. १९४५च्या सप्टेंबरमध्ये वाढ थांबली तेव्हा त्या कागदावर एकावर एक चढत गेलेल्या रेषांचा संच तयार झाला होता. डोंगर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास पोचला होता. त्याचं नाव शोवा-शिनझान ठेवलं गेलं. १९४८मध्ये ऑस्लोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो कागद मांडला गेला, आणि जन्मल्यापासून थांबेपर्यंत एका लाव्हा-घुमटाची वाढ टिपणारी जगातली पहिली नोंद म्हणून ‘मिमात्सु आकृती’ हे नाव रूढ झालं. या गृहस्थांनी १९४६मध्ये ती जमीनच विकत घेतली. शेत गमावलेल्या शेतकऱ्यांना पैसे मिळाले, डोंगराला राखणदार मिळाला. आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात या पोस्टमास्तरांची तसबीर लावायला माझी हरकत नसेल.

घुमटाची वाढ मोजणं ही पुढे हौसेची गोष्ट राहिली नाही. अमेरिकेतला सेंट हेलेन्स १८ मे १९८० रोजी फुटला. त्याच्या विवरात १९८० ते १९८६ या काळात एक घुमट टप्प्याटप्प्याने वाढत गेला. तिथल्या भूशास्त्रज्ञांनी विवराच्या तळातल्या चिरा साध्या पोलादी टेपने मोजल्या. चीर रुंदावण्याचा वेग वाढू लागला की पुढची उसळी जवळ आली, हे ते आधीच सांगू शकत. २००४ ते २००८च्या दुसऱ्या फेरीत टेपच्या जोडीला विवराच्या काठावर बसवलेले कॅमेरे आले आणि विमानातून सोडलेले लेझर किरण आले. जावा बेटावरच्या मेरापीने २०१०मध्ये डोकं वर काढलं, तेव्हा माथा ढगांत आणि राखेत हरवलेला होता. ढगांतून पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांनी घुमट किती भराभर फुगतोय ते दाखवलं: सेकंदाला पंचवीस घनमीटरच्या घरात. त्यावरून इंडोनेशियाच्या अधिकाऱ्यांनी धोक्याची हद्द वीस किलोमीटरपर्यंत वाढवली आणि लोकांना हलवलं. ५ नोव्हेंबरच्या पहाटे मोठा स्फोट झाला. त्या उद्रेकाने जवळजवळ चारशे माणसं नेली, पण हलवाहलवीमुळे दहा ते वीस हजार जीव वाचले असा अंदाज आहे.

जालन्यात असा घुमट नाही. कधी नव्हताही. घुमट व्हायला लाव्हा चिकट लागतो. सेंट हेलेन्स आणि शोवा-शिनझानच्या खडकात सिलिका पासष्ट टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे तो तोंडाशीच साचून ढिगासारखा वाढतो. आपल्या बेसॉल्टमध्ये ती पन्नास टक्क्यांच्या आसपास, शिवाय बाहेर येतानाचं तापमान अकराशे अंशांच्या वर. असा लाव्हा साचत नाही, पळतो. दख्खनमध्ये चिकट लाव्हा अगदीच नाही असं नाही; मुंबईच्या मढ, मनोरी, उत्तनच्या किनाऱ्यावर रायोलाइट आणि ट्रॅकाइट आहेत. पण मराठवाड्यात सगळं काम पातळ लाव्हाचं.

इथे एक गैरसमज मध्ये येतो, आणि तो शाळेपासून पक्का झालेला असतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी घ्या. माशाच्या आकाराची, आजूबाजूच्या सपाटीतून उठलेली. ती पाहिली की जमिनीखालून काहीतरी वर आलं असावं असंच वाटतं. प्रत्यक्षात झालंय उलटं. टेकडी जिथल्या तिथे आहे. तिच्या आजूबाजूचे थर लाखो वर्षांच्या पाऊसपाण्याने आणि नद्यांनी वाहून नेले. जालन्यातली कुठलीही टेकडी, अगदी उत्तरेला भोकरदनकडची अजिंठ्याच्या रांगेची टोकंसुद्धा, अशीच शिल्लक राहिलेली आहे. वर आलेलं असं इथे काही दिसत नाही.

मग इथे वाढलं काय?

पुस्तकांत याचं उत्तर फार दिवस एका वाक्यात उरकलं जायचं: भेगांतून लाव्हारस बाहेर पडला, दूरवर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा आला, आणि असे थरावर थर साचत गेले. म्हणजे तीस मीटर जाडीचा थर असेल तर तीस मीटर उंचीचा पेटता लोंढा जमिनीवरून धावत गेला असणार. ही कल्पना काही केवळ पाठ्यपुस्तकाची नव्हती. १९७०मध्ये हर्बर्ट शॉ आणि डोनाल्ड स्वॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी कोलंबिया नदीच्या पठारावरच्या बेसॉल्टबद्दल गणित मांडलं, की असे प्रचंड प्रवाह काही दिवसांत किंवा आठवड्यांत शेकडो किलोमीटर गेले असले पाहिजेत. गंमत म्हणजे, सेंट हेलेन्सच्या विवरातला तो टेपवाला कार्यक्रम पुढे याच स्वॉन्सन यांच्या पुढाकाराने चालला.

खरं उत्तर हवाईत मिळालं. १९९०मध्ये किलाउएया ज्वालामुखीच्या लाव्हाने कालापाना नावाचं समुद्रकाठचं गाव गिळलं. गाव सपाट होतं, लाव्हा संथ होता, त्यामुळे केन हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच्या काठावर बसून मोजमाप करता आलं. त्यांना दिसलं ते असं: लाव्हाची जीभ पुढे सरकते तेव्हा ती असते जेमतेम वीस-तीस सेंटीमीटर जाडीची. तिच्यावर काही मिनिटांत साय धरते, काही तासांत ती साय कडक होते. पण मागून लाव्हा येतच असतो. तो सायीवरून वाहत नाही, सायीच्या खालून शिरतो आणि तिला अख्खीच्या अख्खी वर उचलतो. तव्यावरची भाकरी पापुद्रा धरून फुगते, तशी. वीतभर जाडीची जीभ पाहता पाहता एक ते पाच मीटर जाडीची झाली.

म्हणजे घुमट वाढतो तोही आतून, आणि ही चादर वाढते तीही आतूनच. फरक आकाराचा. शोवा-शिनझानने सगळी वाढ उंचीत घातली, आपल्या लाव्हाने ती मैलोन् मैल पसरवली.

१९९४मध्ये हॉन आणि मंडळींनी हे काम प्रसिद्ध केलं आणि त्यातून एक छोटंसं सूत्र निघालं. वरचा पापुद्रा जितका जाड, तितका त्याला जमायला वेळ लागलेला. कारण उष्णता त्याच्यातूनच बाहेर जाते, आणि पापुद्रा जाड होईल तसा तोच पांघरूण होऊन पुढचं थंड होणं लांबवतो. वरच्या पापुद्र्याची जाडी मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याला १६४.८ने गुणा. येणारं उत्तर तासांत.

आता बदनापूरच्या विहिरीकडे परत येऊ. तिथला मांजऱ्या हाच तो वरचा पापुद्रा. लाव्हातले वायू वर चढत होते, सायीला खालून येऊन चिकटत होते आणि साय जाड होत गेली तसे तिच्यात अडकत होते. वरच्या भागात लाव्हा चटकन गोठला, त्यामुळे तिथले बुडबुडे लहान राहिले. खाली सावकाश गोठला, तिथे बुडबुड्यांना एकमेकांत मिसळून मोठं व्हायला उसंत मिळाली. ते आडवे पट्टे म्हणजे मागून येणाऱ्या लाव्हाच्या भरती-ओहोटीची नोंद: जोर ओसरला की दाब कमी होतो आणि बुडबुड्यांची एक फळी सुटते. पाषाण म्हणजे पोटातला लाव्हा, जो पुरवठा थांबल्यावर जागच्या जागी, सावकाश, वायू निघून गेल्यावर गोठला. तळातल्या उभ्या नळ्या म्हणजे खालच्या सायीत वर जाता जाता अडकलेले बुडबुडे.

हिशोब परसात मांडू. मांजऱ्या एक परस जाड असेल, म्हणजे १.८३ मीटर, तर उत्तर येतं साडेपाचशे तास: तेवीस दिवस. दोन परस असेल तर दोन हजार दोनशे तासांच्या आसपास, म्हणजे तीन महिने. आणि चार परस असेल तर आठ हजार आठशे तास. ३६७ दिवस. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो, म्हणून हा खेळ पटकन मोठा होतो. आठ परसांना चार वर्षं लागतील.

चार परस म्हणजे एक वर्ष, हे मला फारच आवडलं. सूत्र हवाईचं, माप मराठवाड्याचं, आणि दोघांची गाठ इतकी नेमकी पडावी.

या उत्तराला जपूनच हाताळायला हवं. मांजऱ्याचा माथा बहुतेक ठिकाणी झिजलेला, मुरूम झालेला असतो; म्हणजे मूळ जाडी जास्त होती आणि काढलेला वेळ कमीत कमी आहे. सूत्र हवाईच्या पावसात बसवलेलं आहे, सहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनवर पाऊस किती पडत होता यावर थोडं इकडेतिकडे होईल. आणि सगळे प्रवाह असे शहाण्यासारखे फुगत नाहीत. पुण्यातल्या रेमंड दुराईस्वामी, निनाद बोंद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये पश्चिम दख्खनमधल्या ‘ट्युम्युलस’चं वर्णन प्रसिद्ध केलं, हे म्हणजे फुगलेल्या चादरीवर उठलेले छोटे उंचवटे, माथ्यावर भेग पडलेले, भेगेतून आतला लाव्हा पिळून वर आलेला. घुमटाचं सर्वांत जवळचं नातलग आपल्याकडे कुणी असेल तर तो हाच. पण २००८मध्ये दुराईस्वामींनीच दाखवून दिलं, की दख्खनमध्ये एक वेगळा प्रकारही भरपूर पसरलेला आहे, ज्यात वरचा पापुद्रा फुगता फुगता फुटतो आणि त्याचा राडारोडा होतो. विहिरीत मांजऱ्याऐवजी खडे-गोटे एकत्र चिकटल्यासारखा तांबूस थर लागला, तर तिथे वर्गाचं गणित करत बसू नये.

तरीही मोठं चित्र बदलायला एवढं पुरेसं होतं. स्टीफन सेल्फ, थोर्वाल्दूर थोर्डारसन आणि लास्लो केस्तेली यांनी १९९०च्या दशकात हाच धागा कोलंबिया पठाराला लावला. तिथला रोझा नावाचा प्रवाह तेराशे घनकिलोमीटरचा. शॉ-स्वॉन्सन यांच्या हिशोबात असे प्रवाह आठवड्यांचे धनी. पापुद्र्याची जाडी मोजल्यावर रोझाला कित्येक वर्षं, कदाचित दीडेक दशक लागलं असं दिसलं. दख्खनचे प्रवाह त्याच जातीचे आणि काही त्याहून मोठे. महाबळेश्वर भागातल्या काही प्रवाहांची रासायनिक घडण आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या बेसॉल्टशी जुळते. लाव्हा पश्चिमेकडून हजार किलोमीटर तिकडे गेला असं मानलं जातं. उघड्यावर वाहणारा लाव्हा इतकं अंतर तोलूच शकत नाही, वाटेत थिजतो. स्वतःच्याच सायीखाली, ऊब धरून, नळ्यांतून गेला तरच पोचतो. म्हणजे जालन्याच्या खालून जे गेलं ते आगीचा महापूर कमी आणि झाकलेला कालवा जास्त. त्या काळी इथे कुणी उभं असतं, तर त्याला दिवसा बहुधा एक काळी, तडकलेली, वाफाळणारी जमीन दिसली असती, जी रोज इंच-दोन इंच उंच होतेय.

लाव्हाच्या या एकेका चादरीची जाडी जालन्याच्या लोकांना पाहायची असेल तर ती सोय शेजारच्या जिल्ह्यात आहे. मंठ्याहून लोणार जवळच. तिथलं विवर लाव्हाने नव्हे, उल्केने पाडलं. एकेकाळी तेही ज्वालामुखीचंच समजत. १९७३मध्ये तिथल्या खडकात प्रचंड धक्क्याशिवाय न बनणारी मॅस्केलिनाइट काच सापडल्यावर वाद मिटत गेला. पण उल्केने नकळत आपल्यावर उपकार केला. पावणेदोन किलोमीटरहून जरा जास्त व्यासाची एक विहीरच खोदून दिली. तिच्या कडेला पाच-सहा प्रवाह एकावर एक उघडे पडले आहेत, कुठे आठ मीटर जाडीचे, कुठे चाळीस. मधल्या लाल पट्ट्याही दिसतात. लोणारला जाणारे सगळे सरोवराच्या पाण्याकडे पाहतात. जरा मान वळवून कड पाहिली तर जालन्याच्या पोटाचा छेद फुकटात बघायला मिळतो.

लाल पट्ट्यांबद्दल थोडं. दोन प्रवाहांच्या मधला गेरू म्हणजे लाव्हा थांबून राहिला तो काळ. खालचा प्रवाह थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस झाले, वरवरचा थर कुजून माती झाली, आणि पुढच्या प्रवाहाने ती भाजून काढली. मांजऱ्या महिने आणि वर्षं सांगतो. गेरूतली वर्षं हजारोंनी मोजावी लागतात. दख्खनच्या मुख्य उद्रेकाला दहा लाख वर्षांहून कमी काळ लागला, असं २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र कालमापनांतून दिसलं. त्या काळातला बराचसा वेळ असा स्वस्थ बसण्यात गेला. प्रत्यक्ष वाहण्या-फुगण्याची वर्षं त्या मानाने थोडी.

आणि म्हणूनच पाण्याचा प्रश्न. त्या मालकांच्या प्रश्नाला आता उत्तर देता येतं, निदान अर्धं. जालन्यात पाणी राहतं ते बहुतकरून मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि दोन प्रवाहांच्या सांध्यात. घट्ट पाषाणात चिरा असतील तरच त्यातून पाणी पाझरतं, नसतील तर तो कोरडा ठणठणीत. गेरू चिकणमातीसारखा वागतो: वरचं पाणी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे गेरूच्या माथ्यावर झरा लागला तर नवल नाही, आणि गेरू फोडून खाली गेलात तर पुढच्या प्रवाहाचा मांजऱ्या लागेपर्यंत काही मिळेलच असं नाही.

पण उत्तराचा दुसरा अर्धा भाग अवघड आहे, कारण लाव्हा एकसंध चादरीसारखा कुठेच पसरलेला नाही. एक जीभ फुगते, तिच्या कडेला भेग पडते, भेगेतून दुसरी जीभ बाहेर येते, तीही फुगते. अशा शेकडो जिभा एकमेकींना खेटून, एकमेकींवर चढून एक प्रवाह होतो. एका जिभेची लांबी-रुंदी कुठे पाच-दहा मीटर, कुठे शेकडो. म्हणून एका बांधाच्या अलीकडे सहा परसांवर पाणी आणि पलीकडे दहा परसांवरही खडखडाट, असं होतं. पाणाड्याला दोष देऊन भागत नाही. दोघांच्या विहिरी वेगवेगळ्या जिभांत उतरलेल्या असतात. अलीकडची मांजऱ्यात गेली, पलीकडची सरळ एका जाड जिभेच्या पोटात, पाषाणात.

२०१२-१३च्या दुष्काळात हे सगळं फार महागात पडलं. जालन्याच्या मोसंबीच्या बागा तेव्हा डोळ्यांदेखत वाळल्या. विहिरी आटल्या तसे लोक बोअरकडे वळले. तीनशे, चारशे फूट, मिळेल तिथे. बोअरच्या गाडीवाल्याला वर येणाऱ्या भुकटीचा रंग बदललेला दिसतो, काळी भुकटी जाऊन लाल आली हे तो मालकाला सांगतोही. पण ते कुणी लिहून ठेवत नाही. त्या एका वर्षात जिल्ह्याच्या पोटात जेवढी भोकं पडली, तेवढी कुठल्याही भूशास्त्रीय सर्वेक्षणाला कधी पाडता येणार नाहीत. माहिती वर आली, वाऱ्यावर उडाली, आणि भोकांवर झाकण बसलं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या भागातल्या प्रवाहांचे गट पाडले आहेत, त्यांना अजिंठा, चिखली, बुलढाणा अशी जवळपासच्या गावांची नावं आहेत. केंद्रीय भूजल मंडळाचं जलधर मापन झालेलं आहे, अटल भूजल योजनेतही जालन्याचा समावेश झाला. हे काम मोलाचं आहे. पण ते जिल्ह्याच्या आणि पाणलोटाच्या पट्टीवरचं. बांधाच्या अलीकडची जीभ कुठे संपते आणि पलीकडची कुठे सुरू होते, हे त्या नकाशावर उतरणार नाही. त्यासाठी विहिरीगणिक नोंद हवी. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांतून पाण्याचा ताळेबंद गावाच्या पट्टीवर बसवून दाखवला. खडकाचा ताळेबंद तसा कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

आणि इथे मला सरकारी कागदाची आठवण होते. रोजगार हमीच्या विहिरीचं देयक खोलीवर आणि थरावर निघतं. माती किती, मऊ मुरूम किती, कठीण मुरूम किती, मऊ खडक किती, कठीण खडक किती, हे अभियंता मोजमाप पुस्तिकेत लिहितो, कारण प्रत्येकाचा दर वेगळा. म्हणजे जालन्याच्या आठही तालुक्यांतल्या पंचायत समित्यांच्या कपाटांत अनुदानाच्या विहिरींचे उभे छेद पैशांच्या निमित्ताने लिहिलेले पडून आहेत. मिमात्सुंकडे तर सुरुवातीला फक्त दोरी होती.

अडचण एकच आहे, पण मोठी आहे. दर ठरतो तो कठीणपणावर, भोकांवर नाही. झिजलेला पाषाण आणि ताजा मांजऱ्या दोन्ही ‘मऊ खडक’ या एकाच रकान्यात जाऊन बसतात, आणि आपल्याला हवी असलेली रेषा तिथेच पुसली जाते. गेरू तर बऱ्याचदा मुरमाच्या हिशोबात धरला जातो. त्या पुस्तिकेत आणखी दोनच रकाने लागतील: भोकं कुठून कुठपर्यंत, आणि लाल थर कितीवर. अभियंत्याला त्यासाठी भूशास्त्र शिकावं लागणार नाही. मांजऱ्या आणि पाषाण यांतला फरक यारीवरचा गडी डोळे मिटून, नुसता पहारीच्या आवाजावर सांगतो. नोंद मात्र बांधकाम व्हायच्या आत व्हायला हवी. हल्ली विहीर पुरी झाली की तळापासून काँक्रीटचं अस्तर चढवण्याकडे कल आहे, आणि तो चुकीचा म्हणवत नाही, कारण ढासळलेल्या विहिरीखाली माणसं गेलेली आहेत.

बदनापूरच्या त्या विहिरीत मांजऱ्या भरला पावणेदोन परस. तीन मीटर आणि वर थोडा. सत्तर दिवसांच्या आसपास. मालकांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि आडवा बोअर कुठल्या बाजूला घ्यावा असं विचारलं. भोकांच्या सर्वांत खालच्या पट्ट्यात, पाषाणाच्या माथ्याला लागून, उतार जिकडून येतो तिकडे, असं त्यावर सांगता येतं. पाषाणात घेऊ नका, हे तर ठामपणे सांगता येतं. शेजाऱ्याच्या विहिरीचं अजून बांधकाम झालेलं नसेल तर आधी तिच्यात उतरून बघा, दोन्हीकडे भोकं एकाच खोलीवर संपतात का ते. संपत असतील तर जीभ बहुधा एकच आहे, आणि मग पाणीही दोघांचं एकच.

“त्याच्याशी बोलणं नाही आमचं,” मालक म्हणाले. “पण विहीर बघायला काय जातंय.”